डब्यातले अठ्ठेचाळीस बिल्ले

मैत्रिणींनो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या घरात किती वाणं जमतात, कधी मोजलंत का? प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, करंडे! त्यातली अर्धी पुढच्या वर्षी आपण दुसरीच्या हातात ठेवतो. यंदा मी बाजारातून वाण आणलंच नाही. घरात जास्तीचं होतं ते लुटलं. पहिल्यांदा ते साफ फसलं, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही सांगते, म्हणजे तुम्हाला पहिल्याच वेळी जमेल.

आमचं घर रोह्याचं, पण ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही पेणला राहतो. मी इथेच एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दिवाळीच्या आवराआवरीला रोह्याला गेले, तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. उघडून बघते तर काय, बिल्लेच बिल्ले! कोटाला लावायच्या पिना म्हणा ना. सासरे शाळेत खेळाचे शिक्षक होते. जातील तिथून बिल्ला आणायची त्यांना भारी हौस. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून डबा तसाच होता.

मोजले तर एकशे सव्वीस भरले. मॉस्कोच्या १९८० च्या ऑलिंपिकचं मिशा अस्वल, दिल्लीच्या १९८२ च्या एशियाडचा अप्पू हत्ती, युरी गागारिन, ताऱ्यातला छोटा लेनिन, स्काउटचे बिल्ले, कुठल्या कुठल्या स्पर्धांचे बिल्ले. पण कित्येक दोन-दोन, तीन-तीन! प्रत्येकातला एक बाजूला काढला तेव्हा अठ्ठ्याहत्तर झाले. उरलेले अठ्ठेचाळीस जास्तीचे. सासूबाईंना विचारलं, "आई, हे जास्तीचे वाटू का?" त्या म्हणाल्या, "वाट. पण कुणाकडे काय गेलं ते मला सांग हो."

संक्रांतीला सासूबाई पेणला आल्या होत्या. मी हळदीकुंकू ठेवलं. बारा जणी जमल्या. बारा चिठ्ठ्या केल्या, ज्या नंबरची चिठ्ठी येईल तो बिल्ला तिचा. दहा मिनिटांत खेळ आटोपला. सगळ्या "छान, छान" म्हणाल्या आणि पर्सेस उघडून बिल्ले आत टाकले. ज्या काकूंना अप्पू हवा होता त्यांना कसलासा परिषदेचा बिल्ला मिळाला, आणि जिला काहीच नको होतं तिला अप्पू! दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी जिन्यात पडलेलं मिशा अस्वल परत आणून दिलं. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "अस्वल कुणाकडे गेलं गं?" काय सांगणार होते मी?

पण खरी चूक पुढेच आहे. माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, आजी बाहेर का नव्हती आली? बिल्ले तर आजोबांचे होते ना?"

सासूबाई आपणहून स्वयंपाकघरात बसल्या होत्या, तिळगूळ डिशमध्ये भरत. मी त्यांना "बाहेर या" म्हटलं नव्हतं. मैत्रिणींनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. वर्गात मुलांना हे मी किती ठासून सांगितलं होतं! आणि माझ्या घरी, ज्यांच्या घरातली वस्तू लुटली त्याच आत बसलेल्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

उरलेले छत्तीस बिल्ले आणि ते अस्वल घेऊन रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी आम्ही दिवा-रोहा गाडीने रोह्याला गेलो. या वेळी निमंत्रणात हळदीकुंकू म्हटलंच नाही. "तिळगूळ आणि खेळ, सगळ्यांनी यायचं," एवढंच. पुन्हा बाराच जणी आल्या. त्यांत दोन सासूबाईंसारख्याच, एक लग्न न केलेल्या परिचारिका, बाकी आपल्यासारख्या. आणि खेळ घ्यायला बसवलं सासूबाईंना. आधी "मला नाही बाई जमायचं" झालं. पण एकदा चष्मा चढवला तो दोन तास उतरवला नाही!

खेळ असा घेतला. एका मोठ्या पुठ्ठ्यावर जुना खण ताणून बसवला, त्यावर बिल्ले टोचले आणि प्रत्येकाखाली नंबर चिकटवला. सासूबाईंनी बारा कोडी वाचली, प्रत्येकीने कागदावर बिल्ल्याचा नंबर लिहायचा. "१९६१ साली अंतराळात जाणारा पहिला माणूस मी." "ज्या स्पर्धेत आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्णपदक आणलं आणि पुरुष अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून एक विरुद्ध सात असे हरले, तिचा मी हत्ती." तुम्हाला आठवत होतं का हो, १९८२ च्या त्या सुवर्णपदकाचं? मला नव्हतं. एक काकू म्हणाल्या, त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला आणि आमच्या आळीत पहिला कुणाकडे आला ते मला आठवतं! मग काय, कोडी बाजूलाच राहिली, गप्पांना ऊत आला.

आता बक्षिसांचं. जिची उत्तरं सर्वांत जास्त बरोबर, तिने पहिल्या फेरीत पहिला बिल्ला निवडायचा, मग दुसरीने, असं बाराव्या नंबरापर्यंत. दुसऱ्या फेरीत उलटं, शेवटचीने आधी निवडायचं. तिसऱ्या फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून. बारा जणींना तीन-तीन, छत्तीसचे छत्तीस गेले. शेवटी पंधरा मिनिटं अदलाबदल. "तुझा गागारिन दे, माझा स्काउट घे," असा भाजीबाजार भरला होता नुसता!

उलट्या फेरीचं मी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "हे दोन-दोन कशाला आणायचे माहीत आहे का? एक डब्यात आणि एक शाळेतल्या पोरांना. शर्यतीत पहिल्याला शाळेचं बक्षीस असायचं. हे शेवटच्याला द्यायचे, पळणं सोडलं नाहीस म्हणून. निवृत्त झाल्यावर द्यायला पोरंच राहिली नाहीत." एवढं बोलून त्या पुढच्या नंबराला हाक मारू लागल्या. तीन वर्षं तो डबा आम्ही आठवण म्हणून जपला, आणि ते बिल्ले मुळात द्यायलाच आणलेले!

परत आलेलं अस्वल त्या दिवशी सासूबाईंनी आपल्या पदराला लावलं. कुणाकडे काय गेलं, त्याची यादी त्यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवली आहे.

तुमच्या घरी बिल्ले नसतील, पण जास्तीची तिकिटं, जुनी नाणी, साडीच्या पिना, ब्रोच, काहीतरी असेलच. खेळ ठेवाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. आधी प्रत्येक प्रकारातला एक घरासाठी काढून ठेवा आणि वस्तू ज्यांची आहे त्यांना विचारा. परस्पर वाटू नका.

२. बिल्ले चिंचेने किंवा राखेने घासू नका, रंग आणि मुलामा निघून जातो. मऊ, कोरड्या कापडाने पुसणं पुरे.

३. आपल्या कोकणच्या हवेत पिना लवकर गंजतात. बुटांच्या खोक्यात किंवा नव्या पर्समध्ये ओलावा शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्या न फोडता डब्यात ठेवा. लहान मुलांच्या हाती मात्र त्या लागू देऊ नका.

४. गंजलेली किंवा सैल पिन खेळात ठेवू नका. टोकदार पिना जाड पुठ्ठ्यात टोचूनच द्या. तान्ही मुलं असलेल्या घरी फिरकीचे बिल्ले देताना दोनदा विचार करा, फिरकी सहज तोंडात जाते.

५. जड बिल्ला रेशमी साडीला थेट लावू नका, वीण फाकते. आतून कापडाचा छोटा तुकडा धरून त्यावर टोचा.

६. प्रवेशाला पैसे ठेवू नका. पैसे आले की खेळाचा जुगार होतो आणि हरलेलीचं तोंड उतरतं.

७. प्रत्येक वस्तूबरोबर दोन ओळींची चिठ्ठी द्या: कुठली, कुठल्या सालची, कुणी आणली. माहिती असलेली वस्तू सहसा जिन्यात पडत नाही.

आणि आठवी गोष्ट यादीत घालायची नाही, पण सांगते. बोलावणं करताना घरात आत कुणी बसून राहणार नाही ना, हे आधी बघा. मला ते माझ्या मुलीने दाखवलं. तुम्ही कुणी दाखवायची वाट बघू नका.