चुकलं तर तोंडावर सांगा

पासवर्ड चुकला तरी दार उघडायचं. जुन्या पीएचपीत हे घडू शकत होतं, आणि त्याला फार हुशारीही लागत नव्हती. ‘स्ट्रकम्प’ हे भाषेतलं तयार फंक्शन दोन मजकूर ताडून पाहतं आणि तंतोतंत जुळले तर शून्य देतं. फॉर्ममधल्या खान्याच्या नावापुढे रिकामे चौकटी कंस जोडले, की पासवर्डच्या जागी मजकुराऐवजी अ‍ॅरे जायचा. फंक्शन एक वॉर्निंग पुटपुटायचं आणि ‘नल’ परत करून मोकळं व्हायचं. पुढे प्रोग्रामरनं दोन बरोबर-चिन्हांनी शून्याशी तुलना केलेली असली, तर पीएचपीच्या लेखी नल आणि शून्य सारखेच. पासवर्ड जुळला, या आत!

त्याआधी तर आणखी गंमत होती. ५.३ पूर्वी ‘स्ट्रलेन’ला अ‍ॅरेची लांबी विचारली, की उत्तर पाच. आत एक वस्तू असो की हजार; कारण मोजली जायची ती इंग्रजीतल्या ‘अ‍ॅरे’ या शब्दाची अक्षरं.

या सैलपणाला कारण होतं. वेबच्या फॉर्ममधून येणारा आकडाही मजकूर म्हणूनच येतो. त्यातला ‘५’ भाषेनं आपणहून संख्या मानला तर ती सोय झाली. पण अ‍ॅरेचं काय करायचं हे कळत नसताना काहीतरी उत्तर ठोकून देणं, याला मी सोय म्हणणार नाही.

२६ नोव्हेंबर २०२० ला पीएचपी ८ आली आणि तयार फंक्शनं कडक झाली. भलत्या प्रकारची वस्तू दिली, की सरळ टाइपएरर. प्रकार बरोबर पण किंमत अशक्य असेल, तर व्हॅल्यूएरर. यावर ‘अपग्रेड केलं आणि चालती साइट मोडली’ ही तक्रार ठरलेली. मला ती पटत नाही. साइट आधीपासूनच मोडकी होती, फक्त कण्हत नव्हती.

तरी काम संपलेलं नाही. एक प्रयोग घरी करून पाहा. पायथॉनच्या ‘इंट’ला देवनागरीत ‘४२’ द्या, तो मुकाट्यानं बेचाळीस समजतो. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ म्हणतं, ही संख्याच नव्हे. पीएचपीचं ‘इंटव्हॅल’ मात्र शून्य देतं, आजही, आठव्या आवृत्तीतही. मजकूर घेणं त्याला मान्यच आहे, त्यामुळे एरर येण्याचा प्रश्नच नाही. पहिला आपली लिपी वाचतो, दुसरा निदान नाही म्हणतो. तिसऱ्याच्या हिशेबात मात्र बेचाळीस रुपये गेले कुठे, हे कोणालाच कळत नाही.

म्हणून पीएचपीवाल्यांना सांगणं एवढंच: बाहेरून आलेली संख्या ‘इंटव्हॅल’च्या हवाली करू नका. आधी ‘फिल्टर व्हॅर’च्या पूर्णांक-तपासणीतून काढा. देवनागरी ४२ तिलाही वाचता येत नाही, पण ती ‘फॉल्स’ म्हणते. शून्य म्हणत नाही.

— कळफलककर