वेगाचा आकडा आणि विश्वासाची कसोटी

विंडोज १० या संगणकप्रणालीला मिळणारे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि घरोघरच्या जुन्या लॅपटॉपांचे काय करायचे, हा प्रश्न ऐरणीवर आला. पाठोपाठ ३ डिसेंबर रोजी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभी राहणारी डेटा सेंटर्स मेमरी आणि साठवणुकीच्या चिपांची प्रचंड मागणी करीत आहेत आणि उत्पादकांचा ओढा साहजिकच त्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे आहे. त्यामुळे नवा लॅपटॉप महाग आणि जुन्यात नवी एसएसडी बसवावी तर तीही महाग, अशा कात्रीत विद्यार्थी, शिक्षक आणि छोटे व्यावसायिक सापडले आहेत. पैसा मोजून खर्च करावा लागतो, तेव्हा तो नेमका कशावर करावा, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारे वाचनशीर्ष असते. हव्या त्या ठिकाणी पोहोचायला तिला दहा मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हेच काम त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शात होते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जातात. जुना लॅपटॉप एसएसडी बसवताच तरतरीत होतो, तो या कारणाने. मात्र विंडोज ११ साठी लागणारा नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० यांची उणीव एसएसडीने भरून निघत नाही. अशा यंत्रावर लिनक्ससारखी प्रणाली वापरण्याची तयारी नसेल, तर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

जाहिराती मात्र वेगळ्याच आकड्यांवर भर देतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. एनव्हीएमई प्रकारात पीसीआयई ३.० ची मर्यादा सुमारे ३,५०० मेगाबाइट, ४.० ची ७,००० च्या पुढे, तर ५.० ची १४,००० च्या आसपास जाते. हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, ऑनलाइन वर्ग, ब्राउझर या रोजच्या कामांत हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येतानाचा फरक डोळ्यांत भरतो. त्यापुढील प्रत्येक पायरीवर तो काही सेकंदांवर येऊन ठेपतो. शिवाय पीसीआयई ३.० च्या लॅपटॉपमध्ये बसवलेली ४.० ची एसएसडी ३.० च्याच गतीने धावते. व्हिडिओ संपादनासारखी कामे न करणाऱ्याने अतिवेगासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे गल्लीत चालवण्यासाठी शर्यतीची मोटार घेणे होय.

त्याआधी यंत्रात काय बसते, ते पाहणे अगत्याचे आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा जागा असते, नव्यात एम.२ खाच. एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि काही खाचा यांपैकी एकच स्वीकारतात. लांबीही २२८०, २२४२, २२३० अशी निरनिराळी असते. काही स्वस्त लॅपटॉपांत साठवणूक मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथे बदल शक्यच नसतो.

यानंतर येतो टिकाऊपणाचा प्रश्न. टीएलसी प्रकारात एका पेशीत तीन बिट, तर क्यूएलसीत चार बिट साठवले जातात. क्यूएलसी स्वस्त पडते. पण मोठी नक्कल करताना तिचा राखीव जलद भाग भरला की गती एकदम कोसळते आणि पेशींची झीजही लवकर होते. ही झीज टीबीडब्ल्यू या मापात, म्हणजे हमीकाळात किती टेराबाइट लिहिता येतील या रूपात, दिली जाते. सॅमसंगच्या १ टीबी ९९० प्रोसाठी हा आकडा ६०० आहे, तर क्रुशियलच्या १ टीबी पी३ या क्यूएलसी एसएसडीसाठी २२०. फरक मोठा दिसतो. तथापि रोज २० गीगाबाइट लिहिणाऱ्याला २२० टेराबाइट गाठायलाही तीस वर्षे लागतील. म्हणजेच सामान्य घरातील एसएसडी बहुधा झिजून संपत नाही; ती बंद पडते ती दुसऱ्याच कारणांनी.

ती कारणे नियंत्रक चिप, वीजपुरवठा आणि फर्मवेअर यांत दडलेली असतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही सर्व्हर-एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या निकामी होतील, असा इशारा देऊन तातडीने दुरुस्ती पुरवली होती. २०२३ च्या आरंभी ९९० प्रोची आरोग्यदर्शक टक्केवारी वेगाने घसरत असल्याच्या तक्रारी आल्या आणि सॅमसंगला सुधारित फर्मवेअर द्यावे लागले. नामांकित कंपनीही चुकते. फरक एवढाच की तिच्याकडे चूक सुधारून देणारी यंत्रणा असते. बिननावाच्या स्वस्त एसएसडीला असा वाली नसतो. दर चढले की बनावट मालालाही ऊत येतो. आतील क्षमता कमी आणि सांगितलेली अधिक, अशा वस्तू ओळखण्यासाठी खरेदीनंतर लगेच पूर्ण क्षमतेइतका डेटा लिहून तपासणे हाच खात्रीचा उपाय आहे. पक्के बिल आणि भारतात चालणारी पाच वर्षांची हमी या गोष्टी वेगाच्या आकड्याहून मोलाच्या आहेत.

गोव्यासारख्या प्रदेशात दोन बाबी आणखी लक्षात घ्याव्या लागतात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो खरा. पण बॅटरी संपलेला जुना लॅपटॉप थेट प्लगवर चालवला जातो, तेव्हा लेखन चालू असताना वीज गेली तर एसएसडीला धोका पोहोचू शकतो. अशा वेळी नव्या एसएसडीइतकीच नवी बॅटरीही गरजेची असते. दुसरी बाब उष्म्याची. एसएसडी विद्युतभाराच्या रूपात माहिती धरून ठेवते आणि उष्णतेत तो भार लवकर झिरपतो. आपले लेखन-आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा जेडेक या मानक संस्थेने ठेवली आहे. लग्नाची छायाचित्रे एसएसडीत भरून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते. एसएसडी बव्हंशी पूर्वसूचनेविना गप्प होते आणि तिच्यातून माहिती परत मिळवणे कठीण व खर्चिक असते. म्हणून बाजारातील कोणतीही एसएसडी स्वतःच्या बळावर विश्वासार्ह नसते. विश्वासार्ह असते ती दुसरी प्रत. सर्वसाधारण वापरासाठी टीएलसी प्रकारची, मध्यम वेगाची, ५०० गीगाबाइट ते १ टेराबाइटची एसएसडी पुरेशी आहे. त्यात वाचलेल्या पैशांतून एक यूएसबी आवरण घ्यावे आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क, ती सुस्थितीत असेल तर, त्यात बसवून दर आठवड्याला कामाच्या फायलींची नक्कल उतरवावी. काम बदलण्यापूर्वी बिटलॉकरची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. दुकानाचे हिशेब आणि मुलांचे प्रकल्प यांना खरे संरक्षण मिळते ते या सवयीमुळे.