आधी मुळं बघा, मग औषध

ऑक्टोबर संपत आला की वाचकांकडून एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. उथळ कुंडी, त्यात वीत-दीड वीत उंचीचं झाड, पानं पिवळी, फांद्या मलूल. खाली प्रश्नही ठरलेला: ‘कोणतं खत घालू?’ माझं उत्तर दर वेळी तेच असतं: कोणतंही नको. मुळं आधीच दुखावलेली असताना मातीत खताचे क्षार वाढले, तर उरलीसुरली मुळंही पाणी ओढेनाशी होतात. बोन्सायचा आजार दिसतो पानांवर, पण बहुतेक वेळा असतो कुंडीच्या आत. आत न बघता केलेला उपचार म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार, आणि त्याची किंमत झाड मोजतं.

पुण्या-मुंबईहून बंगळुरूत आलेल्या माणसाला इथला पाऊस अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिकडे जुलैत पावसाचा जोर असतो आणि दसऱ्यापर्यंत आभाळ मोकळं होत जातं. इथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो आणि सरी नोव्हेंबरपर्यंत येत राहतात. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने हवा गार असते, ऊन मवाळ असतं. कुंडीतला ओलावा लवकर उडत नाही. पण ‘रोज सकाळी एक तांब्या’ हा घरचा नेम काही मोडत नाही.

व्हाइटफील्डमधल्या एका मराठी घरी नुकतीच गेले होते. झाड होतं नांद्रुकाचं, फुगीर मुळांवर बारीक पानांचं कलम केलेलं, सध्या प्रत्येक रोपवाटिकेत मिळतं ते. काकू मूळच्या सांगलीच्या, झाडांवर जीव असलेल्या. म्हणाल्या, “अहो, एक दिवस चुकवला नाही हो पाणी घालायला, तरी बघा कशी मान टाकलीय त्यानं.” झाड अलगद बाहेर काढलं तेव्हा गटारासारखा वास आला. भोकावर ठेवलेली सपाट खापरी गाळाने चिकटून बसली होती, त्यामुळे पाणी निघायला वाटच नव्हती. कोकोपीट काळं पडलं होतं. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल सुटून हातात आली आणि आतला दोरा तेवढा राहिला. सोसायटीचा माळी दारातूनच म्हणाला, “नीरु जास्ती आयतु.” म्हणजे पाणी जास्त झालं. त्याचं निदान अचूक होतं. मात्र बुंध्याजवळ खोडाला धरून मलईच्या रंगाची, टणक अशी थोडी मुळं शिल्लक होती. तेवढ्यावर झाड उभं राहू शकतं.

इथेच सगळ्यांची फसगत होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग वरची पानं अगदी तहानलेल्या झाडासारखी माना टाकतात. ते बघून आपण आणखी पाणी घालतो.

उथळ कुंडीत हा धोका जास्त का, हे भांडी घासायच्या स्पंजवर बघता येतं. तो भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचंही तसंच आहे. निथळून झाल्यावरही तळाशी एक चिंब थर उरतो, आणि एकाच मातीत त्याची जाडी खोल कुंडीत असते तेवढीच उथळ कुंडीतही असते. खोल कुंडीत वर कोरडी जागा उरते. बोन्सायच्या तबकात मात्र जवळपास सगळी मुळं त्या थरातच बुडालेली राहतात. म्हणून बोन्सायला बारीक माती चालत नाही, दाणेदार मिश्रण लागतं. आणि म्हणूनच कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवणं हा बिनखर्चाचा, खात्रीचा पहिला उपाय आहे.

पिवळं पान म्हणजे कुजलेलं मूळच, असंही नाही. पिंपळ थंडी सरताना पानं गाळतो, तो त्याचा ऋतू आहे, आजार नव्हे. वड-नांद्रुकाची जागा बदलली तरी ती रुसून पानं टाकतात आणि काही आठवड्यांत सावरतात. उलटा प्रकारही असतो: रोपवाटिकेतून आलेला तांबड्या मातीचा गोळा इतका घट्ट असतो की पाणी कडेने वाहून जातं, वरून माती ओली दिसते आणि आत मुळं कोरडी ठणठणीत. बांबूची काडी बुंध्याजवळ खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. काडी ओली आली तर पाणी थांबवा. कोरडी आली तर कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या.

बंगळुरूत आणखी एक कारण आहे, आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं: पाणी. शहराच्या मोठ्या भागात, विशेषतः बाहेरच्या नव्या वस्त्यांत, बोअरवेलचं आणि टँकरचं जड पाणी येतं. म्हणून सोसायट्या सॉफ्टनर बसवतात. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. कपड्यांना ते चांगलं, पण सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटून माती बंद होत जाते. मार्च 2024 मधल्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला वापरायला बंदी केली आणि 5,000 रुपये दंड ठेवला. तेव्हापासून घरोघरी आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घातलं जाऊ लागलं. पाणी वाचवायलाच हवं. पण आरओने गाळून वेगळे केलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. मोठ्या झाडाच्या आळ्यात ते खपून जाईल, बोन्सायच्या ओंजळभर मातीत साचत जाईल. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपणं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येणं ही त्याची खूण. हे पाणी फरशी पुसायला वापरा. बोन्सायसाठी पावसाचं पाणी साठवा. वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस धरला, तरी एक चौरस मीटर गच्चीवर 900 लिटर पाणी पडतं. आठ-दहा कुंड्यांना त्यातली दोन-तीन पिंपंही बराच काळ पुरतात. क्षार साचलेल्या कुंडीत हे पाणी खालून भरपूर निथळेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतलं की बरेचसे क्षार धुऊन जातात.

झाड जिवंत आहे का, हे ठरवायला नख पुरतं. बारीक फांदीची साल शेंड्याकडे किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली खाली येत बुंध्यापर्यंत तपासा. ज्युनिपरच्या बाबतीत ही तपासणी वेळेवर हवी, कारण मुळं मेल्यानंतरही त्याची पानं कित्येक आठवडे हिरवी दिसतात. रंग फिका, राखट होणं हा इशारा असतो. दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलेला ज्युनिपर बहुधा असाच जातो. त्याला उघडी हवा आणि ऊन हवंच, आणि बंगळुरूची हवा त्याला आपल्याकडच्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त मानवते.

कीडही बघून घ्या. फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, सालीला चिकटलेले तपकिरी उंचवटे दिसले तर खवलेकीड. नांद्रुकाचं पान दुमडून मिटलं असेल तर उघडा, आत काळे फुलकिडे सापडतील. ज्युनिपरची फांदी पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर कोळी आहे. बुंध्यावर मुंग्यांची रांग लागली असेल तर वर कुठेतरी चिकटा सोडणारी कीड नक्की आहे. हाताने काढणं, पाण्याचा फवारा मारणं आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करणं एवढ्यावर बहुतेक काम भागतं. पण मुळं कुजलेली असताना वर फवारे मारून काही होत नाही.

मुळं खरोखर कुजली असतील तर ऋतू बघत बसू नका. काळी, पिचपिची मुळं धारदार, स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा आणि बाकीची पाण्याने धुऊन घ्या. भाजलेल्या विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे तीन भाग आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट एक भाग असं मिश्रण करा. भुकटी चाळून टाकलीच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. भोकांवर जाळी लावा आणि तारेने झाड कुंडीला पक्कं बांधा, कारण झाड हललं तर नवी केसमुळं तुटतात. नांद्रुकावर सैल प्लास्टिकची पिशवी घालून ते उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. ज्युनिपरला पिशवी नको. पाणी काडीला विचारून द्या. हिरवी पानं छाटू नका, नवी मुळं त्यांच्याच जोरावर येतात. नवी पालवी पक्की होईपर्यंत खत, तार आणि आकारासाठीची छाटणी पूर्ण बंद. शक्य असेल तर झाड वर्षभर मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत वाढू द्या. आकार थोडा बिघडेल, तो पुढे घडवता येतो.

एक बजावून सांगते: मुळं कुजलेली नसतील, तर एका वेळी एकच बदल करा. पाणी, माती, जागा आणि औषध एकाच आठवड्यात बदललं, तर झाड सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही.

ही जबाबदारी फक्त घेणाऱ्याची नाही. आज कुंडीवर किंमत असते, पण झाडाची जात, घराबाहेर ठेवायचं की आत, माती कोणती, ती शेवटची कधी बदलली, यातलं काही नसतं. चार ओळींची चिठ्ठी प्रत्येक विक्रेत्याने दिलीच पाहिजे. आणि बंगळुरूच्या लालबागकडून माझी मोठी अपेक्षा आहे. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेल्या या बागेत बोन्सायचा स्वतंत्र विभाग आहे, जाणकार हात आहेत, आणि 1889 च्या काचघरातली पुष्पप्रदर्शनं बघायला जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये अख्खं शहर लोटतं. तिथे झाडं विकत मिळतात. आजारी झाड घेऊन जावं असं एक टेबल मात्र हवं, आणि त्यावर काडी, कात्री, चाळणी आणि कन्नडमध्ये सावकाश समजावणारा एक अनुभवी माळी. येत्या 26 जानेवारीच्या प्रदर्शनापासून उद्यान खात्याने हे सुरू करावं. दहा फूट उंच फुलांचा देखावा आठवडाभरात सुकतो. मुळं कशी बघायची हे शिकून घरी गेलेला माणूस पुढची कित्येक वर्षं झाडं वाचवत राहील.