मोजणीच्या रात्री तालुका फडात

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात दिवाळी सरली की वाड्यावस्त्यांवर दारांना कुलपं लागतात. बालाघाटाच्या याच माथ्यावर मांजरा उगम पावते. पाणी उताराला लागतं, माणसंही. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, पीठमीठ आणि तान्ही लेकरं ट्रकमध्ये घालून सांगली, कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गाव असंच.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 ची मध्यरात्र धरून होणार आहे. 2011 चीही तारीख 1 मार्चच होती आणि घरोघर मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. ऐन गाळपाचे दिवस. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो असेल तिथे व्हायची, गावात नव्हे. म्हणजे पाटोद्याचा माणूस सांगलीच्या फडात मोजला जाणार. निदान तसं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात रस्त्यापासून आत, उसाच्या आड उभ्या कोपीपर्यंत, म्हणजे मजुरांच्या झोपडीपर्यंत, प्रगणक पोचला तरच. नाही पोचला, तर तो माणूस दोन्हीकडून सुटला.

जनगणनेच्या आकड्यावर तालुक्याचं सगळं अडलेलं असतं. सपाट भागात 5 हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, 30 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात तो 3 हजार आणि 20 हजारांवर येतो. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण लोकसंख्येवरच पाडले जातात. रेशनचं तर विचारूच नका. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने राज्याच्या ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के लोकांना धान्य दिलं, पण तो टक्का 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेला. इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा, तिथेच गोठला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव कार्डावर चढवायला आई तहसीलमध्ये आली, की पुरवठा शाखेतला कारकून सांगतो, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ तो खोटं बोलत नसतो. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्याची किंमत अशी खिडकीवर उभ्या बाईने मोजायची, हा अन्याय आहे.

मोजणीतून माणसं सुटण्यावर उपाय नाही असं मुळीच नाही. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी याच जनगणनेची तारीख 1 ऑक्टोबर 2026 ठरवली आहे. बर्फात माणूस गाठता येत नाही हे सरकारला कळतं, मग उसात गाठता येत नाही हेही कळायला हवं. एका जिल्ह्यासाठी तारीख हलवणं अवघड आहे, हे मान्य. पण कोणती टोळी कोणाच्या फडात आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोज ठाऊक असतं, कारण तोडणीच्या चिठ्ठ्या तिथूनच निघतात. तालुक्याचा जनगणना अधिकारी म्हणून तिथल्या तहसीलदारांनी ती यादी फेब्रुवारीआधी मागवून घ्यावी आणि ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक प्रगणकाच्या हाती त्याच्या हद्दीतल्या कोप्यांचा हिशेब द्यावा. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांच्या निधीचा विचार करताना हंगामात बाहेर असलेली माणसंही धरावीत.

हिशेबाचीच गोष्ट निघाली तर आणखी एक. उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाच्या वहीत बाईचं वेगळं नाव बहुतेक वेळा नसतंच, म्हणून नुसती टोळीची यादी पुरणार नाही. माणसं एकेक करून, नावानिशी मोजावी लागतील.

आणि प्रगणकाने कोप्यांवर दिवसा जाऊ नये. जोडपी पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. दुपारी कोपीत भेटेल ती फार तर सात-आठ वर्षांची पोर, कडेवर धाकटा भाऊ घेतलेली. बापाचं गाव कुठलं, तालुका कुठला, हे तिला सांगता येईलच असं नाही. मोळ्या भरून झाल्या, चूल पेटली, की मग जावं.