घसारा आणि गंज

वाणिज्य शाखेत पाऊल टाकल्यावर जे शब्द प्रथम भेटतात त्यांत ‘घसारा’ हा एक. यंत्र घेतले, त्याचे आयुष्य दहा वर्षे धरले, मोडीची किंमत वजा केली आणि उरलेल्या रकमेला दहाने भागले, की झाला वर्षाचा घसारा. या गणितात यंत्र आपोआप म्हातारे होते आणि ठरल्या दिवशी मरते. मधल्या दहा वर्षांत त्याला कोणी तेल घातले की नाही, याची चौकशी पुस्तक करीत नाही. दुरुस्तीचा खर्च महसुली. तो नफा-तोटा खात्याच्या नावे टाकला की विषय संपला. माझे म्हणणे असे, की हा विषय इतक्या लवकर संपवू नये. उदाहरणादाखल मी हुबळीचा रेल्वे कारखाना घेते.

सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली. नाव मराठा आणि मुख्य कचेरी धारवाडला! (आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांनी याची नोंद घ्यावी.) तिचा हुबळीचा कारखाना त्याच दशकातला. १८८८ साली कॅसलरॉकहून मुरगावपर्यंतचा पोर्तुगीज हद्दीतला मार्ग पुरा झाला आणि पुढे तोही याच कंपनीकडे चालवायला आला. त्यानंतर हुबळीवरची पाटी चार वेळा बदलली: १९०८ साली मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ साली दक्षिण रेल्वे, १९६६ साली दक्षिण मध्य, २००३ साली नैर्ऋत्य. पाटीचे सोडा, कामच बदलले. मीटरगेज गेली, वाफेची इंजिने गेली, डिझेल आले, आता विजेच्या तारा आल्या. एखादी गिरणी एवढ्या उलथापालथीत केव्हाच बंद पडली असती. हा कारखाना राहिला, कारण एकच एक वस्तू बनवून विकणे हा त्याचा धंदा नव्हता; जे मोडून दारात येईल ते धड करून परत पाठविणे हा होता. कुर्डुवाडीलाही तसेच झाले. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज आता नाही, कारखाना आहे.

हे काम चालते कसे, ते थोडे सांगते. मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो (‘वॅगन’ला मराठीने दिलेले हे रूप मला फार आवडते). ठराविक वर्षे झाली की वाघीण ओव्हरहॉलिंगला येते. सांगाडा क्रेनने उचलून खालच्या बोगी वेगळ्या करतात, त्यांचे भाग सुटे करून धुतात. चाकांची झीज मोजून त्यांना लेथवर पुन्हा आकार देतात. आसाला आतून तडा गेला आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासतात. कारण तो तडा सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बेअरिंगे, ब्रेकचे सिलिंडर, जोडणीचे आकडे पाहून होतात, सडलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, रंग लागतो. शेवटी वाघिणीच्या अंगावर कारखान्याचे नाव, काम झाल्याची तारीख आणि पुन्हा यायची तारीख लिहितात. लोंढ्याला किंवा थिवीला मालगाडी उभी दिसली तर ही अक्षरे अवश्य वाचा. हिची काळजी कोणी आणि कधी घेतली, हे कोणत्याही ताळेबंदात नसते, तिथे असते.

माझ्या आईचे एक मामेभाऊ याच कारखान्यात फिटर होते. ते सुट्टीत कारापूरला आले की अंगणातल्या आमच्या टिपरभोवती एक फेरी मारीत आणि म्हणत, “उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते गो.” हे वाक्य आमच्या डिचोली तालुक्याला जितके कळते तितके क्वचितच कोणाला कळेल. कारापूरला रेल्वे नाही. आमच्याकडे होते ते खनिजाचे ट्रक आणि मांडवीतल्या बार्जेस. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. २०१४ साली बंदी उठली, थोडे हायसे वाटले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून सारे पुन्हा ठप्प. दारात उभ्या टिपरचे टायर बसले, केबिनमध्ये वेल शिरला, पावसाळ्यामागून पावसाळे पत्रा खात गेले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढे तो चालवायचे मनात आले तेव्हा दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीवर गेला. बाबांनी तो वजनावर विकला. घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे त्याची अजून चार वर्षे शिल्लक होती!

कोणी म्हणेल, खाणी कायद्याने बंद झाल्या, तिथे दुरुस्तीचा काय संबंध? संबंध आहे. वाफेची इंजिनेही हुकमानेच बंद झाली. पण हुबळीला फिटरचे हात शिल्लक होते, त्यांना दुसरे काम देता आले. आमच्याकडे यंत्रे हप्त्यावर घेण्याची अहमहमिका होती. ती सांभाळण्याचे शिक्षण, त्यासाठी बाजूला टाकलेला पैसा, कामगारांची घडलेली फळी यांतले काहीच उभे केले नाही. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, डिचोलीची खाण पुन्हा सुरूही झाली. आमच्या वाड्यावरचा मेस्त्री मात्र तोवर आखातात पोचला होता.

रेल्वेतही सारे आलबेल आहे असे नव्हे. १९२४ साली रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण जमाखर्चातून वेगळा झाला तेव्हापासून तिचा घसारा निधी आहे. जुनी मालमत्ता बदलण्यासाठी दरवर्षी त्यात रक्कम टाकायची. २०१४-१५ साली ही रक्कम ७,७७५ कोटी रुपये होती. २०१८-१९ साली ती अवघी ३०० कोटींवर आली. मधल्या काळात, २०१७-१८ पासून, सुरक्षेच्या कामांसाठी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष निघाला हे खरे. तरीही महालेखापरीक्षकांनी या तुटपुंज्या तरतुदीवर ताशेरे ओढलेच. तरतूद कमी केली की जमाखर्च तेवढा बरा दिसतो. गंजाला ते कळत नाही.

आता नवी पद्धत येत आहे. दाहोदचा कारखाना १९२६ पासून वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करीत असे. आज तिथे सीमेन्स कंपनीची ९,००० अश्वशक्तीची विजेची इंजिने जुळविली जातात. २०२३ सालच्या या करारात १,२०० इंजिने आहेत, किंमत सुमारे २६ हजार कोटी, आणि त्याबरोबर ३५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही कंपनीची. जी कंपनी इंजिन देते तिनेच ते पस्तीस वर्षे चालते ठेवायचे, हा विचार मला पटतो. निदान विकून मोकळे होण्यापेक्षा तो बरा. पण देखभालीचे ज्ञान कोणाकडे साठणार, हा प्रश्न करारात पहिल्या पानावर हवा. त्या इंजिनांसाठी एक डेपो पुण्याला ठरला आहे. तिथे आपली मुले नुसती नट आवळणार, की दोष शोधायला शिकणार, यावर पस्तीस वर्षांनंतरचे बरेच अवलंबून आहे.

आणि आपण वाणिज्यवाले? फिटरचे काम ते ‘आयटीआय’वाल्यांचे, असे म्हणून आपण हात झटकतो. वास्तविक एका वाघिणीच्या ओव्हरहॉलिंगला किती माणूस-तास लागले, कोणता सुटा भाग भांडारात पडून राहिला, दुरुस्ती कोठपर्यंत परवडते आणि मोडीत कधी काढावे, हे प्रश्न आपलेच आहेत. परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात जॉब कार्डाचा नमुना सर्वांनी पाठ केला आहे. खरे, तेलाचे डाग पडलेले जॉब कार्ड किती जणांनी पाहिले?

वाणिज्य मंडळाची सहल दरवर्षी बँक नाहीतर साखर कारखाना पाहायला जाते. यंदा हुबळीला जावे अशी माझी सूचना आहे. बेळगावहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येते. परवानगीचा अर्ज मी कन्नडातून लिहिते. आपल्या ‘दुरुस्ती’ला तिकडे ‘दुरस्ती’च म्हणतात, तेव्हा मुख्य शब्द तरी अडणार नाही. बाकीचे व्याकरण कन्नड विभागाच्या संपादकांनी तपासून द्यावे.