चाकाला परवाना, जागेला नाही

मुंबईत ज्याला मोटारीवर चूल मांडून अन्न विकावयाचे आहे, त्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. मोटारीच्या बांधणीत फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये परिवहन कार्यालयाची संमती लागते. खटपटीनंतर ती मिळते. अन्न विकावयाचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तीही मिळते. एवढे सारे कागद चौकटीत बसवून तो गाडी रस्त्यावर आणतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की, ती उभी कोठे करावयाची हे सांगणारा कागद मात्र कोणतीही कचेरी त्याच्या हाती सुखासुखी ठेवीत नाही. चाकाला परवाना आहे, कढईला परवाना आहे, जागेला नाही. आणि धावत्या गाडीत वडे तळता येत नाहीत!

मग गाडी उभी राहत नाही काय? राहते. हातगाडीही राहते, पाटीवालीही बसते. लेखी अनुमतीची जागा तोंडी अनुमतीने भरून निघते आणि तोंडी अनुमतीचे मोल रोजच्या रोज मोजावे लागते, हे या शहरातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परवाना न दिल्याने विक्री थांबते ही समजूत चुकीची आहे. विक्री थांबत नाही, केवळ तिचे शुल्क महापालिकेच्या तिजोरीत न जाता वाटेत जिरते. फूडट्रकसाठी स्वतंत्र धोरण हवे, अशी चर्चा गेली कित्येक वर्षे या शहरात चालू आहे. त्या चर्चेत हा मूळ प्रश्न बाजूस पडू नये म्हणून आज आम्हांस लिहिणे भाग पडत आहे.

वस्तुतः कायदा नाही असे मुळीच नाही. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन यांसाठी अधिनियम केला. तो वाचून पाहावा. सरकारी कागदांत क्वचितच आढळणारा सुज्ञपणा त्यात आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करावी, नगर पथविक्रेता समिती नेमावी, तिच्यात निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, पात्र माणसाला प्रमाणपत्र द्यावे आणि पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठवू नये, असे तो सांगतो. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, असे त्याचे प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेतील सव्वा कोटीच्या आसपासची वस्ती धरली, तर मुंबईपुरता हा आकडा तीन लाखांवर जातो.

प्रत्यक्षात झाले काय? २०१४ साली पाहणी झाली, सुमारे नव्याण्णव हजार अर्ज आले. त्यानंतर छाननी, हरकती, न्यायालये यांत दहा वर्षे निघून गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये समितीसाठी मतदान झाले तेव्हा मतदारयादीत उरले होते जेमतेम बत्तीस हजार! उरलेल्या लोकांनी धंदा सोडला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने संध्याकाळी सहा वाजता दादर स्थानकाबाहेर पडून पाहावे. याच काळात केंद्र सरकारने २०२० साली याच विक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची योजना काढली. एका खिडकीत कर्ज घ्यावे आणि त्या कर्जातून घेतलेली शेगडी दुसऱ्या खात्याच्या गाडीत जप्त होऊन जाताना पाहावी, असा योग या शहरात दुर्मिळ नाही.

पादचाऱ्याची बाजू आम्ही विसरलेलो नाही. पदपथ चालणाऱ्याचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मृत्युमुखी पडली. स्थानकांभोवतीच्या गर्दीचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला आणि नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकांपासून दीडशे मीटर व शाळा-प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटर अंतरात विक्री नको, रस्त्यावर अन्न शिजविणेही नको, असा निर्णय दिला. त्याचा मान राखलाच पाहिजे. (आम्ही शाळेत शिकवीत असताना फाटकाबाहेर चिंचा-बोरे विकणारी एक म्हातारी बसे. तिच्यावरून मुख्याध्यापकांशी आमचा वाद होई आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकच तिच्याकडून बोरे मागवीत. अंतराचा नियम करणे सोपे, पाळणे किती अवघड, हे तेव्हापासून आम्ही जाणून आहोत.) परंतु कोठे नको हे सांगितल्यावर कोठे चालेल हेही सांगावे लागते. निषेधाच्या वर्तुळांनी नकाशा भरून टाकावयाचा आणि मोकळी जागा दाखवावयाची नाही, याला नियमन म्हणत नाहीत.

आरोग्याचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. रस्त्यावरचे अन्न अस्वच्छ असते ही तक्रार खोटी नाही. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब यांची साथ घरोघर फिरते तेव्हा प्रत्येक गृहिणी तिचा उच्चार करते. पण त्या गाडीची रचना जरा न्याहाळून पाहावी. जप्तीची गाडी दिसताच ज्याला क्षणात गाशा गुंडाळून गल्लीत शिरावयाचे आहे, तो पाण्याचे मोठे पिंप ठेवणार कसा? झाकणाचा कचऱ्याचा डबा, हात धुण्याचे भांडे, काचेचे आवरण ही सारी पळणाऱ्याला ओझी आहेत. मग एकाच बादलीत दिवसभर बश्या विसळल्या जातात. ज्याची जागा निश्चित आहे त्याच्याकडून नळाची जोडणी, झाकण आणि टोपी यांचा आग्रह धरता येईल. ज्याची जागा संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याची शाश्वती नाही, त्याला स्वच्छतेवर व्याख्यान देऊन काय उपयोग?

आता फूडट्रकविषयी स्पष्ट बोलू. ही गाडी चकचकीत असते, तिच्यावर रंगीत दिवे असतात, तिचा मालक बहुधा शिकलेला असतो आणि आमचे वाचक तिच्यापुढे निःशंकपणे उभे राहतात. म्हणून तिला मोकळी वाट द्यावी आणि हातगाडीला हुसकावे, असे धोरण आले तर त्यास आमचा विरोध राहील. २०१४ च्या कायद्यात प्रमाणपत्र त्यालाच मिळते, ज्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि जो स्वतः किंवा कुटुंबीयांसह धंदा चालवितो. एखाद्या उपाहारगृहाच्या मालकाने नोकर ठेवून चालविलेली तिसरी-चौथी मोटार या व्याख्येत बसत नाही. तिला रस्त्यावरची जागा द्यावयाची तर बाजारभावाने भाडे घ्यावे, ठरलेल्या तासांपुरती द्यावी. पण पथविक्रेत्यांच्या वाट्याच्या जागेतून ती काढता कामा नये. दोन-चार लाख जमवून, नोकरी सुटलेला मुलगा बायकोबरोबर जी एकुलती एक गाडी चालवितो, त्याची गोष्ट निराळी. त्याची गणना हातगाडीवाल्याबरोबरच व्हावी.

दुसरी भीती अधिक जुनी आहे. १९९५ साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. हेतू चांगला होता, केंद्रांसाठी सार्वजनिक जागाही दिल्या. पुढे योजना आटोपली, भाकर गेली, आणि कित्येक ठिकाणी जागा मात्र धरून ठेवल्या गेल्या. तेथे दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले. न्यूयॉर्क शहराने १९८०च्या दशकात अन्नविक्रीच्या परवान्यांची संख्या सुमारे तीन हजारांवर गोठविली. दोनशे डॉलरचा परवाना पुढे चोरून भाड्याने हजारो डॉलरना जाऊ लागला. प्रत्यक्ष गाडीवर उभा राहणारा स्थलांतरित मजूर ते भाडे भरी आणि परवान्याचा धनी घरी बसे. २०२१ मध्ये त्या शहराला कायदा बदलावा लागला. नवा परवाना त्याच माणसाला, जो गाडीवर हजर असेल त्यालाच, असे तेथे ठरविण्यात आले. आमच्या कायद्याने परवाना भाड्याने देण्यास आरंभापासूनच मनाई केली आहे. परंतु ती मनाई तपासणारा कोण?

म्हणून महापालिकेकडे आमची मागणी मोजकी आहे. फूडट्रकचे धोरण छापण्यापूर्वी प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर त्या प्रभागातील विक्रीच्या जागांची यादी मराठीत लावावी. तीत जागेचे माप, वेळ, पाण्याची सोय आणि शुल्क लिहावे. कार्यालये बंद झाल्यावर ओस पडणारे रस्ते आणि सुट्टीच्या दिवशी रिकामे राहणारे वाहनतळ त्या यादीत प्रथम यावेत. प्रत्येक गाडीवर, मग ती दोन चाकांची असो वा चार, प्रमाणपत्राचा क्रमांक व धारकाचे छायाचित्र लावलेले असावे, म्हणजे बशी हातात घेणाऱ्या गिऱ्हाईकालाही धनी समोर आहे की नाही हे ताडून पाहता येईल. आणि माल जप्त झालाच तर कायद्यात सांगितल्याप्रमाणे त्याची यादी विक्रेत्याच्या हाती पडावी. नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळावा. बटाटे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत.

पुढील पावसाळ्यापूर्वी निदान एका प्रभागाची यादी फलकावर लागली, तरी तिच्यातील चुका दाखविण्यासाठी आम्ही या पृष्ठावर जागा राखून ठेवू.