अर्नोकाठचे कोल्हापूरकर

परदेशचा प्रवास विमानात पाऊल टाकल्यावर सुरू होतो, अशी माझी आजवर समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. आमचा प्रवास यंदाच्या गणपतीत, आरती आटोपून खिरापत वाटता वाटता सुरू झाला, आणि दिवाळी आली तरी आम्ही घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. ओलांडायचा आहे पुढल्या मे महिन्यात. पण वाचकहो, एवढ्यातच माझी निम्मी दमछाक झाली आहे.

त्याचे असे झाले. आमच्या घरात हिशेब सौ.कडे आणि साहित्य माझ्याकडे, अशी लग्नापासूनची वाटणी आहे. ती शाळेत गणित शिकवते, मी कॉलेजात मराठी. तेव्हा ही वाटणी न्यायाचीच म्हटली पाहिजे. साहित्यातून घरात पैसा येत नाही आणि हिशेबातून तो बाहेर जात नाही, म्हणून आमचा संसार सुखाचा चालला आहे. त्या दिवशी खिरापतीची वाटी माझ्या हातात देत सौ. म्हणाली, "यंदा सुट्टीत महाबळेश्वर नाही. रोमला जायचं."

मी खोबऱ्याचा बकाणा कसाबसा गिळला. "रोम? आणि पैसे?"

"साठवलेत. नऊ वर्षं. तुम्हांला सांगितलं असतं तर त्याची पुस्तकं झाली असती."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी बोललोही नाही.

रात्री आमच्या कन्येने मोबाइल उघडून रोममधील प्रेक्षणीय स्थळांची यादी करायला घेतली. ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यादी करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. कलोसियम, फोरम, पँथिऑन, त्रेवीचे कारंजे, स्पॅनिश जिना, व्हॅटिकनची संग्रहालये, संत पीटरचे मंदिर, असे करता करता स्थळे झाली सत्तावीस. दिवस होते पाच. सौ.ने पेन्सिल घेतली. "रोजचे आठ तास धरले तर चाळीस तास. एकेका ठिकाणाला अठ्ठ्याऐंशी मिनिटं. त्यात चालणं, रांगा, खाणं, आणि ह्यांनी चष्मा विसरून परत जाणं. म्हणजे बघायला मिनिटं उरली वीस."

मला एकदम पुण्याहून येणारे आमचे पाहुणे आठवले. सकाळी अंबाबाईचे दर्शन, नऊला मिसळ, दहाला नवा राजवाडा, बाराला पन्हाळा, तीनला जोतिबा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्रीच्या गाडीने परत! जाताना म्हणतात, "कोल्हापूर झालं हो बघून." आम्ही दारात उभे राहून हात हलवतो आणि दार लावून घेतल्यावर पोट धरून हसतो. आता रोमच्या लोकांना पोट धरून हसायला लावण्याची तयारी आम्ही नऊ वर्षांच्या बचतीतून चालविली होती.

म्हणून मी एक सूचना मांडली. यादी फाडावी. प्रत्येकाने आपले असे एकच ठिकाण सांगावे, आणि ते का, हेही सांगावे. ती ठिकाणे मनसोक्त पाहावी. वाटेत जे भेटेल तो लाभ समजावा. साहित्याच्या बाजूने आलेली सूचना हिशेबाच्या बाजूने मान्य होण्याचा आमच्या घरातील हा बहुधा पहिलाच प्रसंग असेल.

सौ. म्हणाली, "कलोसियम. वीस वर्षं मी मुलांना रोमन अंक शिकवतेय. त्याच्या कमानींवर ते अंक कोरलेत म्हणे. ते एकदा बघायचेत." कन्येने लगेच मोबाइलवर चित्र काढून दाखविले. प्रेक्षकांनी कोणत्या दारातून आत जायचे हे कळावे म्हणून कमानींवर खरोखरच क्रमांक कोरलेले आहेत. आणि त्यांत चाराचा आकडा आपण शिकवतो तसा पाचाआधी एक काढून नव्हे, तर सरळ चार उभ्या रेघा ओढून लिहिलेला आहे. सौ.चा चेहरा उतरला. आजवर चार रेघा काढल्या म्हणून किती मुलांचे गुण तिने कापले असतील, देव जाणे!

कन्येचे ठिकाण पँथिऑन. तिथला घुमट ४३ मीटर व्यासाचा, काँक्रीटचा, आत लोखंडाची एक सळई नाही आणि वय सुमारे एकोणीसशे वर्षे. "आणि आपल्या गल्लीतला रस्ता पहिल्या पावसात जातो, बाबा," एवढे बोलून तिने आपले म्हणणे संपविले.

मग माझी पाळी आली. मी म्हटले, "फ्लॉरेन्स."

"बाबा! आपलं एकच शहर ठरलंय, आणि ते राजधानीचं. फ्लॉरेन्स कुठे राजधानी आहे?"

"आज नाही, पण होती. १८६५ पासून १८७१ पर्यंत इटलीची राजधानी फ्लॉरेन्सच होती. आणि ती राजधानी असताना आपले महाराज तिथे वारले."

घरात क्षणभर शांतता पसरली. वर्गात अशी शांतता मला क्वचितच लाभते.

आपल्याकडे राजाराम हे नाव घेतले की थोडा घोटाळा होतो. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव राजाराम सर्वांना ठाऊक. राजारामपुरी ज्यांच्या नावाने वसली, ते शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम. पण या दोघांच्या मध्ये आणखी एक राजाराम महाराज कोल्हापूरच्या गादीवर होऊन गेले. आपले राजाराम कॉलेज त्यांच्या नावाचे. १८५० साली जन्मले, १८६६ साली दत्तक होऊन गादीवर आले आणि १८७० साली विलायतेला निघाले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे मानणारा तो काळ. लंडन पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. सारे पाहिलेले हा तरुण राजा इंग्रजीत रोजनिशीत टिपून ठेवीत होता. परतीच्या वाटेवर इटलीत प्रकृती बिघडली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या त्याला तेव्हा दहाच आठवडे झाले होते; राजधानी हलायची होती. ती रोजनिशी पुढे १८७२ साली त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी लंडनमध्ये छापून काढली. स्थळे पाहायला गेलेल्या कोल्हापूरकराने लिहिलेले असे दुसरे पुस्तक मला माहीत नाही, की जे लिहिणाऱ्याने स्वतः छापलेले पाहिले नाही.

दहनाची चाल तेव्हा इटलीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. मग शहराच्या पश्चिमेला, कॅशिने नावाच्या मोठ्या उपवनाच्या टोकाला, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, मध्यरात्रीच्या सुमारास हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाला. ते पाहायला गाव लोटला होता. त्याच जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. घुमटाखाली महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. तो फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. खाली चार भाषांतले लेख आहेत. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. म्हणजे आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांच्या हातचा, त्यांच्याच हातची ती छत्री. १९७८ साली तिच्या शेजारून अर्नोवर तारांनी पेललेला एक मोठा पूल झाला. इटलीच्या लोकांनी त्या पुलाचे नाव ठेवले 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे हिंदी माणसाच्या जागेचा पूल. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या आपल्या महाराजांची खूण सांगत जातात, आणि नव्या राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या आपल्याला मात्र ते महाराज नीट आठवत नाहीत.

एवढे भाषण संपवून मी पाणी प्यालो. सौ. वहीत काही तरी मांडीत होती. मला वाटले, आता रेल्वेचा खर्च पुढे येणार. रोमहून फ्लॉरेन्स जलद गाडीने सुमारे दीड तास. आपल्याकडे कोल्हापूरहून कऱ्हाडला जायला लागतो तेवढाच वेळ. पण तिकीट काही कऱ्हाडचे नव्हे. ती मात्र वेगळेच विचारून गेली.

"किती वर्षांचे होते हो?"

"वीस."

तिने कन्येकडे पाहिले. कन्या परवाच्या आषाढात विसाची झाली. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली मुले त्याच वयाची. सहलीला निघताना ज्यांच्या आया फाटकापाशी उभ्या राहून "पोचल्याबरोबर फोन कर" म्हणून दहादा बजावतात, ती ही मुले. सौ.ने वहीतील स्पॅनिश जिन्यावर काट मारली आणि पाचव्या दिवसापुढे लिहिले, 'फ्लॉरेन्स.'

इतका वेळ आमची आई कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. तिला मोबाइल दिसत नाही आणि विमानाचा विषय निघाला की ती डोळे मिटून घेते. ती एकदम म्हणाली, "दोन नद्या मिळत्यात म्हंजे आपल्या प्रयाग चिखलीवाणीच की रं."

"हो आई, तसंच."

"मग तिथं दिवा कोण लावतंय?"

मला उत्तर देता येईना. आणि त्याहून अवघड गोष्ट ही की, प्रत्येकाने आपले एक ठिकाण सांगावे ही माझीच सूचना, पण आईला कोणी विचारलेच नव्हते. तिला कागलला बहिणीकडे ठेवायचे, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकले होते. तिघांच्या हिशेबात ती कुठेच नव्हती.

"आजी, तू येशील?" कन्येने विचारले.

आईने एक वात पुरी केली, डबीत ठेवली. "न्याल तर येते. संगम दावा फकस्त. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तिथून आमचा बेत नव्याने मांडला गेला. चौथ्या तिकिटाचे पैसे आले कोठून, ते सौ. सांगत नाही, माझ्या दिवाळीच्या पुस्तकांची यादी मात्र या वर्षी छोटी झाली. आईचा पासपोर्ट काढायचा झाला. जन्मतारीख १ जून. तिच्या पिढीत निम्मे कोल्हापूर १ जूनला जन्मले, ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी केलेली कृपा. आधारकार्डावर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे दुसरे. कन्येने बजावले की, पासपोर्टवर आहे त्याच नावाने कलोसियमचे तिकीट काढायचे. तिथे दारात नाव पडताळतात. व्हिसासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. आम्ही जानेवारी धरला आहे. माणशी ९० युरो शुल्क, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा, आणि चौघांच्या बोटांचे ठसे. आयुष्यभर भाकरी थापलेल्या आईच्या बोटांचे ठसे उमटतील की नाही, ही सौ.ची चिंता. तिने दोन महिने आधीपासून आईच्या हातांना रोज रात्री खोबरेल लावायला सुरुवात करण्याचे ठरविले आहे.

विमा म्हणजे उगाच खर्च, असे मी गणपतीत म्हटले होते. आता म्हणत नाही. ज्या राजापाशी नोकरचाकर आणि सरकारी अधिकारी होते, त्याचेही आजारपण परक्या गावात काय झाले, ते आम्हांला ठाऊक आहे.

आईमुळे आमचा प्रवास सुधारला, हे मला कबूल केले पाहिजे. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडांची ठोकळेबंद फरसबंदी आहे. ती गुडघ्यांना मानवत नाही. म्हणून रोज दोनच ठिकाणे, मध्ये बाकावर बसणे. रस्तोरस्ती नळांतून पिण्याचे पाणी अखंड वाहत असते, हे कळल्यावर आईचे रोमविषयी मत एकदम चांगले झाले. संत पीटरच्या मंदिरात खांदे-गुडघे झाकून जावे लागते, हे ऐकून ती म्हणाली, "मग आणि काय? देऊळ हाय न्हवं?" नऊवारी नेसणाऱ्या बाईला त्या बाबतीत पोपकडून शिकण्यासारखे काही नव्हते.

फ्लॉरेन्सच्या दिवशी मात्र दुसरे काही नाही. सकाळच्या गाडीने जायचे. कॅशिनेचे उपवन लांबीने तीन किलोमीटरांवर आहे आणि छत्री त्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. तेव्हा थेट मोटारीने तिथवर पोचायचे. मी चारी लेख माझ्या डोळ्यांनी वाचीन. कन्या पूल पाहील. सौ. कदाचित काहीच करणार नाही. दिवा लावू देतात की नाही, ते तिथल्या माणसाला विचारू. नाही म्हणाला तर फूल ठेवून हात जोडू.

वातींची डबी आत्ताच बॅगेत गेली आहे. अजून सहा महिने आहेत, असे सांगूनही आई ऐकत नाही. माझ्या वहीत आता विमान, व्हिसा, विमा, गाड्यांच्या वेळा असे सगळे टिपलेले आहे; कोणी काही विचारले तर पान काढून उत्तर देता येते. फक्त काल फराळाची तयारी चालली असताना आईने एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला वहीत सापडले नाही, आणि कन्येला मोबाइलवरही सापडले नाही.

"तिथं चपला कुठं काढायच्या रं?"